पात्याआधीची हाक

भिंगरीला कागदोपत्री एक नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. लहानपणी वडिलांनी चिडून दिलेलं नावच त्याला चिकटलं आणि शोभलंही. एका जागी बूड टेकवायचं नाही, हातातलं काम तडीस न्यायचं नाही, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दम धरायचा नाही, अशी त्याची ख्याती. चहा टाकायला ओट्यापाशी गेला की त्याला गळका नळ दिसायचा. नळासाठी पाना शोधताना बंद पडलेला रेडिओ सापडायचा. रेडिओ खोलून बसला की थोड्या वेळाने घरभर करपलेल्या चहाचा वास सुटायचा, आणि "कुणी काय जाळलं रे?" असं विचारायला पहिला हाच धावायचा.

असा माणूस कागद कापायच्या मशीनवर उभा असतो म्हटल्यावर ऐकणारा आधी त्याची बोटं मोजायचा. मोजणारच. ते मशीन काही भाजी चिरायची सुरी नव्हे. बाइंडिंगच्या कारखान्यात, लांबलचक खोलीच्या अगदी टोकाला, ते बैलासारखं बसलेलं असे. बांधून तयार झालेल्या पुस्तकांची थप्पी त्याच्या टेबलावर ठेवायची. पायातलं पॅडल दाबलं की एक जाड लोखंडी दाबपट्टी खाली येऊन थप्पी आवळून धरायची. मग उजवा दांडा ओढला की वरून पातं उतरायचं आणि हातभर उंच थप्पीच्या कडा लोण्यासारख्या कापून मोकळं व्हायचं. नव्या मशीनांना म्हणे दोन्ही हात गुंतल्याशिवाय पातं सुटतच नाही. हे मशीन जुनं होतं. त्याला माणसाच्या हाताची काही पडलेली नव्हती.

वडिलांनी भिंगरीला तिथे उभं केलं त्याला कारण होतं. पोराची नजर विलक्षण होती. थप्पी केसभर वाकडी असली तरी त्याला लांबून कळायचं. "ह्याच्या डोक्याचा भरवसा नाही, पण डोळ्याचा आहे," असं वडील म्हणत, आणि डोक्याचा भरवसा नाही म्हणूनच त्यांनी एक नियम घालून दिला. मशीनवर दोघांनी काम करायचं. समोर भिंगरी, डाव्या अंगाला त्याची ताई. ताई थप्पी सारखी करणार आणि कापल्यावर पात्याखालची कातरण ओढून घेणार. पॅडलवर पाय ठेवण्याआधी भिंगरीने मोठ्याने विचारायचं, "हात?" ताईने दोन्ही हात मागे घेऊन उत्तर द्यायचं, "बाहेर." हे उत्तर कानावर पडल्याशिवाय पॅडल नाही आणि दांडाही नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

वडील गेले. कारखाना ताईच्या हाती आला. तिने लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हिशेब तिचा, गिऱ्हाईक तिचं, आणि डाव्या अंगाची जागाही तिचीच. दिवसभर त्या खोलीत हाक आणि उत्तर चालायचं. हात? बाहेर. हात? बाहेर. खिडकीजवळच्या टेबलावर खळ लावणाऱ्या मावशींना तर त्या तालावर डुलकी लागायची. दोघं बहीणभाऊ एकमेकांशी एरवी किती भांडोत, ही हाक कधी चुकली नव्हती.

चुकायच्या त्या बाकीच्या गोष्टी. थप्पी टेकवायची मागची पट्टी कामागणिक हलवून नीट मापावर लावावी लागते. एका प्रकाशकाची पुस्तकं कापताना भिंगरी मध्येच कुणाशी तरी बोलायला गेला, परत आला, आणि पट्टी आधीच्या कामाच्या मापावर आहे हे विसरून त्याने थप्पीमागून थप्पी कापून काढली. पानांचे आकडे कडेसकट कातरणीच्या पोत्यात गेले. ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पोत्यातून एक कातरण काढून बोटांत फिरवत राहिली.

"भिंगरी, आज आकडे गेले," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी दुसरं काहीतरी जाईल. मी मशीनवर दुसरा माणूस बघते. तू मावशींच्या टेबलावर बस."

"खळ लावायला?"

"खळ लावायला काय कमीपणा आहे? मावशी लावतात की."

"मला नका मध्ये घेऊ," मावशी तिकडून म्हणाल्या.

भिंगरीने मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. मशीन म्हणजे त्याची एकमेव अशी जागा होती जिथे त्याला कुणी वेंधळा म्हणत नसे. बाहेरच्या जगात तो हरवलेल्या छत्र्यांचा आणि विसरलेल्या किल्ल्यांचा धनी, पण पात्यासमोर तो कारागीर होता. ती जागा गेली तर खाली उरणार काय, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

वाट सापडली ती त्याच्या मुलीमुळे. शाळेत तिचं लक्ष लागत नाही म्हणून नवराबायको तिला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले होते. डॉक्टरबाई मुलीच्या सवयी एकेक करून सांगत होत्या. मुलं अशी असतात, सतत चुळबुळ करतात, ऐकता ऐकता दुसरीकडेच पोचतात. बोलता बोलता त्यांचं लक्ष भिंगरीकडे गेलं. त्याने त्यांच्या टेबलावरचं पेन उचलून खोललं होतं, स्प्रिंग उडून कुठेतरी गेली होती, आणि तो ती शोधायला खुर्चीखाली वाकला होता.

"तुम्ही पण एकदा या," डॉक्टरबाई म्हणाल्या. बायको इतकी हसली की तिला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

तपासण्या झाल्या, प्रश्नोत्तरं झाली. लक्ष एका ठिकाणी न टिकण्याचा हा आजार आहे, जन्मापासूनचा आहे, आळस किंवा बेफिकिरी नव्हे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा भिंगरीला रडूच आलं. चाळिशी उलटलेला गडी, लहान पोरासारखा रडला. उभ्या आयुष्यात त्याला कुणी हे वाक्य ऐकवलं नव्हतं.

ताईला त्याने अक्षरशः हातापाया पडून थोडा अवधी मागितला. औषध लागू पडलं तर मशीन त्याचं, नाही पडलं तर खळीचं टेबल. ताई कबूल झाली, पण तिने एक अट घातली. लागू पडलं की नाही हे तो सांगणार नाही, ती सांगेल. डॉक्टरबाईंनाही हेच हवं होतं. "औषध घेणाऱ्याला आपल्यात काय फरक पडला ते धड कळत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारी उभं असणाऱ्याला कळतं."

पहिलं औषध म्हणजे एक छोटी पांढरी गोळी. एक सकाळी, एक दुपारी जेवणाच्या आसपास. घेतल्यावर अर्ध्या तासात भिंगरी मशीनवर असा उभा राहिला की मावशींनी हातातला ब्रश खाली ठेवला. डोक्यात बारा महिने भरलेला बाजार कुणीतरी एकदम उठवला होता. मागची पट्टी लावायची, पुन्हा मोजायची, मग कापायचं. मध्येच कुणी हाक मारली तर "थांबा" म्हणायचं, आणि ते म्हणणारा भिंगरी. ताई डाव्या अंगाने बघत होती आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हती.

पण गोळी जशी झपाट्याने चढायची तशीच झपाट्याने उतरायची. दुपार झाली की उठवलेला बाजार दुप्पट माणसं घेऊन परत यायचा. भिंगरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मावशींचा ब्रश डब्यावर आपटला तरी तो खेकसायचा. दुपारची गोळी वेळेवर घेतली असती तर हे टळलं असतं, पण ज्याला विसरण्याचा आजार त्यालाच गोळीची आठवण ठेवायला सांगितलेली. सकाळच्या गोळीचा अंमल ओसरायला लागला की दुपारची गोळी आहे हेच डोक्यातून जायचं. मोबाइलला गजर लावला. गजर वाजला की तो बंद करायचा आणि मोबाइल हातात आलाच आहे तर म्हणून दुसरंच काहीतरी बघत बसायचा.

"सकाळचा भाऊ मला चालेल," ताईने डॉक्टरबाईंना सांगितलं. "दुपारचा तुम्ही ठेवून घ्या."

डॉक्टरबाईंनी औषध बदललं. आता एक कॅप्सूल, दिवसातून एकदाच, सकाळी. त्यांनी समजावून सांगितलं की दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, काम जवळपास तेच. फरक एवढाच की पांढरी गोळी सगळं बळ एकदम खर्चून बसते, आणि कॅप्सूल ते दिवसभर बेताबेताने सोडते. कुठलं चांगलं असं उत्तर पुस्तकात नसतं. कुणाला एक मानवतं, कुणाला दुसरं. मग त्यांनी बोट वर करून सांगितलं, "दोन्ही एका दिवशी घ्यायची नाहीत. आज घेतली की नाही असा संशय आला तर घेतलीच असं समजायचं. आणि उरलेल्या पांढऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत नेऊन द्यायच्या."

भिंगरीने तिन्ही गोष्टींना मान डोलावली. उरलेल्या गोळ्या द्यायला तो निघालाही होता. वाटेत त्याला सायकलच्या दुकानात एक वेगळाच पंप दिसला. गोळ्या कामाच्या एप्रनच्या खिशात राहिल्या ते राहिल्याच.

कॅप्सूलचं वागणं अगदी निराळं. ती कधी आली हे कळायचं नाही आणि कधी गेली हेही नाही. सकाळ आणि दुपार एकसारखी. संताप नाही, खेकसणं नाही. कामं नीट व्हायला लागली. गिऱ्हाईक माल नेताना उगाच दोनदा मोजेनासं झालं. बायको म्हणाली की संध्याकाळी घरी येणारा माणूस तिने आत्तापर्यंत फक्त लग्नाच्या फोटोतच पाहिला होता. मुलगी अभ्यासाला बसली की तोही तिच्याशेजारी बसायला लागला, आणि दोघांपैकी आधी ती उठायची.

तक्रारी होत्याच. डबा जसा न्यायचा तसा परत यायचा, भूक म्हणून लागायची नाही. झोप पातळ झाली. आणि एक तक्रार अशी, जी ताईला सांगताच येईना. भिंगरीची बडबड आटली होती. पूर्वी काम करता करता तो मावशींच्या सासूची नक्कल करायचा, गिऱ्हाइकाच्या चालीची नक्कल करायचा, हसून हसून पुरेवाट. आता तो थप्पीकडे बघायचा आणि थप्पीच त्याला दिसायची. ताईने वर्षानुवर्षं त्याला "गप रे जरा" म्हणून झापलं होतं. आता तो गप झाला तर खोली तिला खायला उठली.

आणखी एक गोष्ट तिच्या कानांनी टिपली. हाक बारीक झाली होती.

पांढऱ्या गोळीच्या दिवसांत हाक खणखणीत असायची. गोळी कधी दगा देईल ह्याची त्याला धास्ती होती, म्हणून तो हाक घट्ट धरून असायचा. कॅप्सूल दगा देत नव्हती. भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा भरवसा वाटायला लागला होता, आणि भरवसा आला तसा हाकेतला जोर गेला. आधी ती पुटपुटल्यासारखी झाली. मग नुसती मान हलायला लागली.

"नीट विचार," ताई म्हणाली.

"विचारलं की."

"मला ऐकू आलं नाही."

"ताई, मी बघतोय ना. तुझे हात मला दिसतात. पूर्वी दिसत नव्हते, आता दिसतात." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आनंद होता. त्या आनंदावर पाणी ओतायला ताईची जीभ धजली नाही. तिथेच तिचं चुकलं, असं ती पुढे स्वतःच म्हणाली.

त्या दिवशी सकाळी घरी तो एकटाच होता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. एरवी कॅप्सूल तीच हातावर ठेवायची. कारखान्यात पोचल्यावर एप्रन चढवताना भिंगरीला प्रश्न पडला, आज घेतली का? त्याने आठवून पाहिलं. पाण्याचा पेला आठवला, पण तो आजचा की कालचा? मोबाइल आठवला, बायकोचा आवाज आठवला. कॅप्सूल काही केल्या आठवेना.

दारात गिऱ्हाइकाचा टेम्पो येऊन उभा होता. शाळांची पुस्तकं होती, आजच्या आज न्यायची होती, आणि टेम्पोवाला ताईच्या डोक्यावर बसून "किती वेळ, बाई?" करत होता. भिंगरीला घाम फुटला. औषधाशिवाय हे काम हातून बिघडलं तर ताईने ठरवलेलं ठरलेलंच होतं. खिशात हात घातला आणि बोटांना पांढऱ्या गोळ्यांची पट्टी लागली.

संशय आला तर घेतलीच समजायचं, हे त्याला आठवलं. नाही आठवलं असं नाही. पण खळीचं टेबल त्याला त्याहून जास्त स्पष्ट दिसत होतं. त्याने एक गोळी काढली, तिच्यावर मनानेच आणखी एक चढवली, आणि मावशींच्या तांब्यातलं पाणी प्यायला.

पहिल्या काही थप्प्या झकास गेल्या. मग छातीत धडधड सुरू झाली. कान गरम झाले. जीभ टाळूला चिकटली. खोली आक्रसत आक्रसत थप्पीएवढी झाली, आणि थप्पी तिच्या एका कडेएवढी. ती कड इतकी लख्ख दिसत होती की एकेका पानाची जाडी वेगळी ओळखू यावी. टेम्पोवाल्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. मावशी काहीतरी म्हणाल्या. ताई काहीतरी म्हणाली. भिंगरीला फक्त कड दिसत होती, आणि ती केसभर वाकडी होती.

ताईलाही ती वाकडी दिसली. तिने थप्पी सारखी करायला डावा हात आत घातला आणि हाकेची वाट बघत राहिली. हाक येईल मग हात काढू, तीस वर्षांची सवय. आधी हाक, मग हात.

थप्पी सरळ झाली. भिंगरीला ती सरळ झालेली दिसली, पण कुणाच्या हाताने झाली हे दिसलं नाही. त्याचा पाय पॅडलवर पडला.

दाबपट्टी खाली आली आणि ताईची दोन बोटं पुस्तकांवर आवळली गेली. कळ डोक्यापर्यंत गेली. तिच्या तोंडून किंकाळी फुटली नाही, कारण तिचं लक्ष बोटांकडे नव्हतंच. ती भावाच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो हात दांड्यावर जाऊन बसला होता. त्याची नजर कडेवर खिळलेली, पापणी हलत नव्हती. किंचाळलं तर ते ह्याला ऐकू येणार नाही, टेम्पोवाला तर मघापासून ओरडतोच आहे, हे तिला त्या एवढ्याशा क्षणात कसं सुचलं कोण जाणे. रोजच्या आवाजात, रोजच्या पट्टीत, ती म्हणाली,

"हात?"

ती हाक तिची नव्हती, त्याची होती. पण भिंगरीच्या ती हाडामांसात मुरलेली. "हात" नंतर "बाहेर" येतं आणि "बाहेर" आल्याशिवाय दांडा ओढायचा नाही, हे त्याच्या डोक्याला विसरायला झालं असेल, मनगटाला नाही. मनगट थबकलं. भिंगरी "बाहेर" ऐकायची वाट बघत उभा राहिला. ते आलं नाही. मग त्याने मान वळवली आणि ताईचा पांढराफटक चेहरा पाहिला.

पॅडलवरून पाय कसा काढायचा हेही त्याला सुचेना. मावशींनी धावत येऊन त्याला कमरेला धरून मागे खेचलं, तेव्हा दाबपट्टी वर गेली.

हाड मोडलं नव्हतं. दोन नखं काळीनिळी झाली, बोटं वांग्यासारखी सुजली. ताई हात छातीशी धरून दवाखान्याकडे पुढे चालू लागली, आणि भिंगरी रस्ताभर तिच्या बोटांकडे बघवत नाही म्हणून तिच्या चपलांकडे बघत चालला. नर्सने ताईची बोटं बांधता बांधता ह्याचा चेहरा पाहिला आणि ह्याचीच नाडी धरली. मग ह्यालाच खाटेवर आडवं केलं, छातीला तारा लावल्या, आणि डॉक्टरबाईंना फोन गेला.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि भिंगरीच्या बायकोला फोन लावला.

"आज सकाळी ह्यांनी कॅप्सूल घेतली होती का?"

"घेतली की," बायको म्हणाली. "व्हिडिओवर बोलत होतो. माझ्या डोळ्यांसमोर गिळली. मी म्हटलंसुद्धा, शाब्बास." मग तिचा आवाज चरकला. "का हो? काय झालं?"

भिंगरीने तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि खाटेशी बसल्या. त्या रागावल्या नाहीत. एकाच घराण्यातली दोन औषधं एकावर एक, त्यातून गोळ्या एका ऐवजी दोन, सकाळी जेवण नाही, वर टेम्पोवाला. काळीज असं पळणारच, म्हणाल्या. आणि जास्त औषध म्हणजे जास्त लक्ष असं नसतं. एका मर्यादेपलीकडे लक्ष वाढत नाही, अरुंद होतं. कड दिसते आणि हात दिसत नाही.

"ह्यातलं चांगलं कुठलं मग?" भिंगरीने भिंतीलाच विचारलं. "एक सांगा. दुसरं मी बघणार पण नाही."

"ज्या माणसाला दुपारची गोळी आठवत नाही त्याला मी दुपारची गोळी दिली, ही माझी चूक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅप्सूलच ठेवू. मात्र कमी ताकदीची, आणि आधी थोडे दिवस सगळंच बंद. पण एक ध्यानात ठेवा. कॅप्सूल तुम्हाला लक्ष देईल. ते कशावर लावायचं हे ती सांगत नाही."

ताई दारात उभी होती. हाताला पांढरी पट्टी, चेहरा दगडासारखा. तिने हे ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

पुढचे काही दिवस मशीन बंद राहिलं. भिंगरी कुणी न सांगताच खळीच्या टेबलावर बसला. पुठ्ठ्यावर ब्रश फिरवायचा, पुठ्ठा बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा. खळ एप्रनवर सांडायची, बाहीवर सांडायची, मावशी नुसतं ओलं फडकं पुढे सरकवायच्या. एरवी त्या बोलल्याशिवाय राहिल्या नसत्या. एकदा त्याने मान खाली घालूनच विचारलं, "मावशी, ताईने दुसरा माणूस बघितला का हो?"

"मला काय विचारतोस? तुझ्या ताईला विचार."

"भीती वाटते."

"मग वाटू दे," मावशी म्हणाल्या. "भीती गेली होती तेव्हा काय झालं ते पाहिलंस ना."

रात्री अंथरुणावर त्याला तेच दिसायचं, दोन बोटं आणि वर टांगलेलं पातं. पांढऱ्या गोळीच्या वेळी मी घाबरून होतो म्हणून नीट होतो, आणि कॅप्सूलच्या वेळी नीट होतो म्हणून घाबरणं सोडलं, असं त्याने बायकोला सांगितलं. "औषध काय करणार, मीच माजलो." बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "ताईंना सांगा हे. मला सांगून काय उपयोग?"

त्याने सांगितलं. ताईची पट्टी सुटली त्या दिवशी सकाळी तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. खिशातल्या गोळ्या, आलेली शंका, तरी घेतलेल्या दोन गोळ्या, हाकेचा माज. शेवटी म्हणाला, "तू माणूस बघ. मी टेबलावर बसतो. खरंच बसतो. मला आता त्या मशीनची भीती नाही वाटत, माझी वाटते."

ताई बोटं उघडमीट करून बघत होती. नखं अजून काळीच होती. नवी यायला वेळ लागणार होता.

"कमी ताकदीची सुरू केलीस?" तिने विचारलं.

"हो. बायको हातावर ठेवते. मी गिळल्यावर तोंड उघडून दाखवतो. पोरगी हसते."

"आज घेतलीस?"

"घेतली."

"भूक?"

"थोडी लागते."

"पुस्तकं पडून आहेत तिकडे," ताई म्हणाली आणि मशीनकडे चालू लागली.

भिंगरी जागचा हलला नाही. मावशींनी त्याला कोपराने ढोसलं तेव्हा तो निघाला.

ताईने डाव्या अंगाची आपली जागा घेतली. थप्पी ठेवली. भिंगरीने मागची पट्टी लावली, मोजली, पुन्हा मोजली. मग श्वास भरून खणखणीत आवाजात हाक द्यायला तोंड उघडलं, तर ताईने अजून बांधल्यासारखा ताठ असलेला डावा हात वर केला.

"तू नाही विचारायचं," ती म्हणाली. "बाबांनी तुला विचारायला लावलं कारण तुला थांबता येत नव्हतं. निदान हाकेपुरतं तरी थांबावंस म्हणून. आता मी न विचारता सांगणार. माझं 'बाहेर' आलं की पाय ठेवायचा. तोवर नुसतं उभं राहायचं."

"आणि तू सांगितलंच नाहीस तर?"

"तर उभं राहायचं."

तिने दोन्ही हात आत घातले आणि थप्पी सारखी करू लागली. थप्पी मुळात सारखीच होती, हे भिंगरीला दिसत होतं. केसभरही कुठे वाकडी नव्हती. तरी ताई वरून हात फिरवत राहिली, कोपरे चाचपत राहिली. मग हात काढून घेतले आणि काहीच बोलली नाही.

भिंगरी उभा राहिला. हात बाहेर होते. त्याला दिसत होते, काळ्या नखांसकट. पाय पॅडलच्या शेजारी जमिनीवर होता. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. मावशींचा ब्रश थांबला होता. ज्या माणसाने जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तो एका न आलेल्या शब्दासाठी उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आला, पण पाय हलला नाही. ताई त्याच्या पायाकडे बघत होती. मग हळूहळू तिची नजर वर गेली, त्याच्या चेहऱ्यावर, आणि तिथे बराच वेळ राहिली. तीस वर्षं ती शेजारी उभी होती, पण भाऊ असा थांबलेला तिने पाहिला नव्हता.

तिचे डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळे होते, तरी तिने पुसले नाहीत.

"बाहेर," ताई म्हणाली.